भाऊसाहेब आणि कॉलेजचा खर्च

स्मरणिकेसाठी वऱ्हाडातल्या एखाद्या मोठ्या माणसावर लिही, असे संपादक मंडळातल्या मित्रांनी सांगितले तेव्हा मला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याशिवाय दुसरे नाव सुचले नाही. अमरावतीचे मेडिकल कॉलेज म्हणा की अकोल्याचे कृषी विद्यापीठ, हे नाव पाटीवर वाचतच आपण म्हातारे झालो. मी नोकरीची बहुतेक वर्षे अकोल्यात एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली. शेवटी शेवटी तर हे नाव रोज अर्जावर असे. म्हणून त्यांच्या चरित्रातला मला कळतो तेवढाच भाग सांगतो. तो पैशाचा आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. वडील शामराव शेतकरी, आई राधाबाई. गावात शाळा होती ती खालच्या वर्गांपुरती. पुढे चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल. म्हणजे मॅट्रिक होईपर्यंतच या पोराने तीन परगावी दिवस काढले होते. फी सोडा, राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा हिशेब घराला तेव्हापासूनच लागला.

मॅट्रिकनंतर तर वऱ्हाडात कॉलेजच नव्हते. आपण ज्याला व्ही.एम.व्ही. म्हणतो ते अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ साली निघाले. त्याआधी शिकायचे तर नागपूर गाठा, नाहीतर पुणे. पंजाबराव पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले. (त्यांच्या चाळीसेक वर्षे आधी गोपाळ गणेश आगरकरही अकोल्याहून मॅट्रिक होऊन असेच पुण्याला गेले होते, आणि एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत, असे आपल्याला गुरुजींनी वर्गात सांगितलेले अनेकांना आठवत असेल.)

पदवी हातात पडण्याआधीच, १९२० साली, पंजाबराव विलायतेला निघाले. वडिलांनी त्यासाठी वावर गहाण टाकले, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगत. शेतकऱ्याच्या घरात वावर गहाण पडते म्हणजे काय होते, हे आपल्या बॅचमधल्या निम्म्यांना तरी समजावून सांगावे लागणार नाही. एडिंबरोला त्यांनी एम.ए. केले आणि तिथे संस्कृतसाठी व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली. पुढे ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले. एक शिष्यवृत्ती मिळाली की घरावरचे ओझे किती हलके होते, हे त्यांनी स्वतः भोगून पाहिले होते.

१९२६ मध्ये ते परत आले. अमरावतीत वकिली करून मजेत राहता आले असते. त्यांनी गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते चालवले मुष्टिफंडावर. घरोघरी रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते छात्रालयाला द्यायचे. मला या माणसाची ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कृषिमंत्रिपदापेक्षाही. रोख पैसा शेतकऱ्याच्या घरात सुगीनंतर चार दिवस दिसतो. मूठभर ज्वारी बहुतेक घरांत निघते. मुलाला शहरात टिकायला पहिल्यांदा लागते तीही भाकरच. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत, हे त्या काळात लहान काम नव्हते.

पुढचे भराभर सांगतो. १९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, आणि त्याच काळात कर्ज लवाद कायद्यासाठी झटले. काहींना हे दोन वेगळे विषय वाटतात. मला वाटत नाहीत. सावकाराच्या वहीत अडकलेला बाप मुलाला वसतिगृहात कसा ठेवणार? १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. अमरावतीला १९४६ मध्ये आणि अकोल्याला १९५४ मध्ये शिवाजी कॉलेज निघाले. १९५२ ते ६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आता माझ्या टेबलावरचे. आपल्या वेळी ईबीसीचा फॉर्म भरला की फी माफ व्हायची आणि घरचे निश्चिंत व्हायचे. प्रत्यक्षात खोलीभाडे, मेस, पुस्तके, एसटीचा पास हे सगळे बाकीच असायचे. दाखला मिळेना, हप्ता उशिरा आला, म्हणून दुसऱ्या सत्रात न परतलेली मुले मी पाहिली आहेत. फीचा अर्ज मंजूर असलेली. २०१६-१७ पासून राज्य सरकारने अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता सुरू केला. सुरुवातीला मोठ्या महानगरांत वर्षाला ३०,००० आणि इतरत्र २०,००० रुपये. त्या योजनेला भाऊसाहेबांचे नाव दिले, ते कोणीतरी विचार करून दिले असावे.

मेळाव्यात शाळेसाठी निधी गोळा करायचे ठरते आहे. कमान, पंखे, पहिल्या नंबराला पदक, अशा सूचना आल्या आहेत. माझी सूचना लिहून ठेवा: बारावीनंतर बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या शाळेच्या दोन मुलांचा पहिल्या वर्षाचा मेसचा खर्च आपण उचलावा. आणि तो जूनमध्येच द्यावा, मार्चमध्ये नको.