मुक्या जिवांचा धन्वंतरी : जेम्स हेरियट

दवाखान्यात आलेला माणूस आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगतो. जनावराच्या बाबतीत मात्र दुखणे एकाचे आणि ते सांगणारा दुसराच, अशी अवस्था असते. कुत्रा दोन दिवसांपासून अन्नाला तोंड लावत नाही, मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते, आजवर शांत असलेला प्राणी अचानक अंगावर येतो. मालक हे सारे पोटतिडकीने सांगत असतो, पण त्याच्या सांगण्यात निरीक्षणाइतकीच भीती असते, थोडी अपराधी भावना असते आणि शेजाऱ्यांकडून ऐकलेले सल्लेही मिसळलेले असतात. त्यातून नेमके दुखणे शोधायचे, मुक्या जिवाला बरे करायचे आणि मालकालाही धीर द्यायचा, हे पशुवैद्याचे खरे काम. उत्तर इंग्लंडमधील थर्स्क या छोट्याशा गावात एका डॉक्टरने हे काम चार दशकांहून अधिक काळ केले आणि उतारवयाकडे झुकताना त्याच अनुभवांच्या जोरावर त्याने जगभरातील वाचकांना जिंकले. त्याचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. जग त्याला ओळखते ते जेम्स हेरियट या नावाने.

वाइट यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1916 रोजी इंग्लंडमधील संडरलँड या बंदराच्या शहरात झाला. ते अवघ्या काही आठवड्यांचे असतानाच कुटुंब स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे स्थायिक झाले. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करीत आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पियानो वाजवीत. आई गायिका होती आणि शिवणकामाच्या व्यवसायातून संसाराला हातभार लावीत असे. एकुलत्या एका मुलाला चांगले शिक्षण मिळावे यासाठी दोघांनीही कष्ट उपसले. लहानग्या आल्फचा सर्वांत जवळचा सोबती होता डॉन नावाचा आयरिश सेटर जातीचा कुत्रा. त्याला घेऊन ग्लासगोच्या भोवतालच्या टेकड्यांवर मैलोन् मैल भटकणे हा त्याचा आवडता छंद.

तेराव्या वर्षी मुलांच्या एका मासिकात पशुवैद्यकीय व्यवसायाविषयीचा लेख त्याच्या वाचनात आला आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी शाळेत येऊन व्याख्यान दिले तेव्हा हा निश्चय अधिकच पक्का झाला. वास्तविक तो काळ या व्यवसायाच्या पडतीचा होता. मोटारी आल्याने शहरांतील घोडे कमी होत होते, शेती मंदीत सापडली होती आणि घोडे व गुरे यांवर पोट भरणारे पशुवैद्य हवालदिल झाले होते. तरीही 1933 मध्ये वाइट यांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला. आजारपण आणि काही विषयांतील अपयश यांवर मात करीत डिसेंबर 1939 मध्ये त्यांनी पदवी मिळविली. शहरातील एखाद्या स्वच्छ, सुसज्ज दवाखान्यात पांढरा कोट घालून कुत्र्या-मांजरांवर उपचार करावेत, हे त्यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात नशिबी आले ते गोठे, चिखल आणि मध्यरात्री अडलेल्या गाई.

थर्स्कचा दवाखाना

काही महिने संडरलँडमध्ये उमेदवारी केल्यानंतर जुलै 1940 मध्ये वाइट थर्स्कला आले. किर्कगेट या रस्त्यावरील 23 क्रमांकाच्या जुन्या घरात डोनाल्ड सिंक्लेअर या पशुवैद्याचा दवाखाना होता. सिंक्लेअर बुद्धिमान, उमदे, पण कमालीचे लहरी. युद्ध सुरू झालेले होते. नव्या सहायकावर दवाखाना सोपवून ते लवकरच हवाई दलात दाखल झाले. यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलखाची, तेथील बोलीची आणि मोजके बोलणाऱ्या शेतकऱ्यांची कसलीच ओळख नसलेला हा चोवीस वर्षांचाही नसलेला तरुण एकाकी पडला. तथापि थोड्याच काळात सिंक्लेअर परतले आणि दोघांची जोडी जमली ती कायमची. डोनाल्डचे धाकटे बंधू ब्रायन हेही तेव्हा पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होते. पुढे पुस्तकांतून अमर झालेले सिगफ्रीड आणि ट्रिस्टन हे बंधू ते हेच.

नोव्हेंबर 1941 मध्ये वाइट यांचा जोन डॅनबरी यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतरची सुटीही जनावरांच्या क्षयचाचणीत गेली. गोठ्यातील प्रत्येक गाईला टोचायचे, तीन दिवसांनी पुन्हा जाऊन त्वचेची सूज मोजायची, असे ते कंटाळवाणे काम. पण त्या काळात दवाखान्याचे उत्पन्न बव्हंशी या सरकारी तपासण्यांवरच अवलंबून होते. 1942 मध्ये वाइटही हवाई दलात गेले. परंतु जुन्या दुखण्यावरील शस्त्रक्रियेमुळे ते वैमानिक होण्यास अपात्र ठरले आणि वर्षभरातच घरी परतले. त्यांचा मुलगा जिम 1943 मध्ये आणि मुलगी रोझी 1947 मध्ये जन्मली. दोघांनीही पुढे वैद्यकाचाच मार्ग धरला. मुलगा जनावरांचा डॉक्टर झाला आणि मुलगी माणसांची.

हा काळ पशुवैद्यकाच्या संक्रमणाचा होता. वाइट शिकून बाहेर पडले तेव्हा काढे, भुकट्या आणि मलमे यांवरच बहुतेक भिस्त होती. सल्फा औषधे नुकती येऊ लागली होती. युद्धानंतर पेनिसिलिन उपलब्ध झाले आणि कालपर्यंत हमखास मरणारी जनावरे दोन दिवसांत उठून उभी राहू लागली. दुसरीकडे ट्रॅक्टर आल्याने शेतातील घोडे नाहीसे झाले आणि दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात कुत्री-मांजरे घेऊन बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली. तरुणपणी पाहिलेले स्वप्न वाइट यांच्यापाशी असे उशिराने चालत आले.

मालकांचे प्रश्न

पाळीव प्राणी घेऊन येणाऱ्या मालकांचे जे चित्रण वाइट यांनी केले, ते त्यांच्या पुस्तकांतील सर्वांत लोकप्रिय भागांपैकी एक ठरले. त्यातील ट्रिकी वू हा लाडावलेला पेकिनीज कुत्रा आणि त्याची धनाढ्य मालकीण मिसेस पम्फ्री यांना कोण विसरेल? थर्स्कजवळच राहणाऱ्या मार्जोरी वॉर्नर आणि त्यांचा बॅम्बी नावाचा कुत्रा यांच्यावरून ही जोडी बेतली होती. मालकीणबाई कुत्र्याच्या दुखण्यांना स्वतःच नावे ठेवीत. तो चालता चालता मध्येच मागचा भाग टेकून बसला की एक नाव, वेड्यासारखा गोल गोल धावू लागला की दुसरे. ही नावे कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नव्हती. परंतु पहिल्या तक्रारीचा अर्थ गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्या आहेत, हे डॉक्टरला त्या वर्णनावरून बरोबर उमगत असे. ग्रंथी दाबून मोकळ्या केल्या की आराम पडे. मालकाची भाषा कितीही हास्यास्पद वाटली तरी त्याने जे पाहिले आहे ते खरे असते, हा धडा या विनोदामागे आहे.

याच ट्रिकीची दुसरी कथा अधिक बोलकी आहे. केक, चॉकलेट आणि मलई खाऊन तो इतका लठ्ठ झाला, की एके दिवशी त्याने खाणेच सोडले. बाईंना आहार कमी करण्याचे वारंवार सांगूनही उपयोग झाला नव्हता, कारण त्याचे केविलवाणे डोळे पाहून त्यांचा निश्चय टिकत नसे. अखेर डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतले. औषध काहीच दिले नाही. दोन दिवस फक्त पाणी आणि नंतर इतर कुत्र्यांबरोबर मनसोक्त धावपळ. काही दिवसांतच तो ठणठणीत झाला. इकडे मालकीणबाई त्याच्या शक्तीसाठी ताजी अंडी, वाइन आणि ब्रँडी पाठवीत राहिल्या आणि त्यावर दवाखान्यातील मंडळींनीच ताव मारला. अतिलाड हाही एक आजार असतो आणि उपचाराची गरज कित्येकदा जनावरापेक्षा मालकालाच अधिक असते, हे सत्य त्यांनी कोणालाही न दुखवता सांगितले.

सगळेच मालक श्रीमंत नव्हते. एका एकट्या वृद्धाचा कुत्रा कर्करोगाने आजारी पडतो आणि त्याला शांतपणे मरण देण्यावाचून इलाज उरत नाही. डॉक्टर फी घेण्याचे नाकारतात तेव्हा तो गरीब म्हातारा जपून ठेवलेली एक सिगार त्यांच्या हाती देतो. अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा तर औषधाबद्दल विचारतच नाही. जनावरांना आत्मा असतो का आणि मेल्यानंतर आपले कुत्रे-मांजर आपल्याला भेटेल का, ही तिची चिंता. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पण तो टाळून निघून जाणेही शक्य नव्हते. जिथे प्रेम आणि निष्ठा आहे तिथे आत्मा असणारच, असा दिलासा देऊन त्यांनी तिला निश्चिंत केले.

गावोगावी आढळणाऱ्या हौशी वैद्यांनाही त्यांच्या पुस्तकांत जागा आहे. मिसेस डोनोव्हन ही अशीच एक वृद्धा. लोकांच्या जनावरांवर स्वतःचे उपाय करायचे आणि डॉक्टरच्या निदानाला नाके मुरडायची, हा तिचा उद्योग. तिचा लाडका कुत्रा अपघातात गेल्यावर ती पार खचते. पुढे छळ होऊन मरणोन्मुख झालेला एक कुत्रा सापडतो आणि डॉक्टर तिचेच नाव सुचवितात. ती त्याला अक्षरशः जगवते. औषधशास्त्रात तिला गती नसली तरी शुश्रूषेत तिचा हात धरणारा कोणी नाही, हे प्रांजळपणे मान्य करण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

पन्नाशीतला लेखक

इतरांच्या जनावरांचे दुखणे अचूक ओळखणारा हा माणूस स्वतःच्या दुखण्याबाबत मात्र मुका होता. गाईंपासून जडलेल्या ब्रुसेलोसिसच्या तापाने त्यांना वर्षानुवर्षे छळले. 1960 च्या सुमारास तीव्र नैराश्याने घेरले आणि विजेच्या धक्क्यांचे उपचार घ्यावे लागले. हसतमुख, मितभाषी डॉक्टर आतून किती खचला आहे, याची कल्पना भोवतालच्या अनेकांना नव्हती. पुस्तकांतही त्याचा मागमूस नाही. त्यांच्या मुलाने 1999 मध्ये लिहिलेल्या चरित्रातून हे वाचकांना कळले.

पुस्तक लिहिण्याच्या गोष्टी ते वर्षानुवर्षे पत्नीला सांगत. पन्नाशीत कोणी लेखक होत नसतो, असे तिने थट्टेने म्हटले आणि त्यांनी खरोखरच लेखणी उचलली. घरच्यांच्या गराड्यात, दूरचित्रवाणी संच चालू असतानाच ते टंकलेखन करीत. सुरुवातीच्या कथा आणि कादंबरी नाकारली गेली. मग त्यांनी प्रथमपुरुषी निवेदन स्वीकारले आणि 1970 मध्ये पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. ही मुकी जनावरे बोलू शकली असती तर, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. स्वतःची जाहिरात करणे पशुवैद्यांना निषिद्ध असल्याने टोपणनाव घेणे भाग होते. दूरचित्रवाणीवरील फुटबॉलच्या सामन्यात बर्मिंगहॅम सिटी संघाचा जिम हेरियट हा गोलरक्षक त्यांना दिसला आणि त्याचेच नाव त्यांनी उचलले.

इंग्लंडमध्ये विक्री बेताचीच झाली. पण 1972 मध्ये पहिली दोन पुस्तके एकत्र करून अमेरिकेत ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ या नावाने काढण्यात आली आणि हेरियट रातोरात प्रसिद्ध झाले. 1975 मध्ये चित्रपट आला. 1978 पासून बीबीसीवरील मालिकेने त्यांना घराघरांत पोहोचविले. त्यांच्या पुस्तकांच्या जगभरात सुमारे सहा कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते. 1979 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला. या कथा म्हणजे तंतोतंत इतिहास नव्हे. काळ मागे नेलेला, नावे बदललेली, प्रसंग रंगविलेले आहेत. आपले विक्षिप्त चित्रण पाहून डोनाल्ड सिंक्लेअर प्रारंभी नाराजही झाले होते. मात्र स्नेह तुटला नाही.

यशाने वाइट यांचे जीवन फारसे बदलले नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधील आयकराचा सर्वोच्च दर 83 टक्क्यांवर गेला, तेव्हा परदेशी स्थायिक होण्याचा सल्ला त्यांना मिळाला. तो त्यांनी मानला नाही. आपल्या शेतकऱ्यांना गाय आजारी असताना लेखकाशी कर्तव्य नसते, त्यांना फक्त डॉक्टर हवा असतो, याचे त्यांना समाधानच वाटे. दवाखान्याबाहेर पर्यटकांची रांग लागे. तेही ते आटोपशीर सह्या देऊन निभावीत आणि पुन्हा तपासणीच्या टेबलाकडे वळत.

23 फेब्रुवारी 1995 रोजी थर्लबी येथील राहत्या घरी प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या डोनाल्ड सिंक्लेअर यांनी आपले जीवन संपविले. ऑक्टोबरमध्ये यॉर्कच्या भव्य कॅथीड्रलमध्ये झालेल्या वाइट यांच्या स्मृतिसभेस दोन हजारांहून अधिक लोक उपस्थित होते. किर्कगेटवरील त्या जुन्या दवाखान्यात 1999 मध्ये संग्रहालय सुरू झाले. 2020 मध्ये त्यांच्या कथांवर नवी मालिका आली आणि आणखी एका पिढीने ट्रिकी वूला डोक्यावर घेतले.

त्यांची पुस्तके वाचून पशुवैद्यकाकडे वळलेल्यांची संख्या मोठी आहे. उपचारांच्या पद्धती त्यांच्या काळानंतर पुष्कळ बदलल्या. क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांमुळे निदान सोपे झाले. पण आजारी प्राण्याला छातीशी धरून दवाखान्याच्या दारात उभा राहणारा मालक मात्र बदललेला नाही. त्याचे सारे बोलणे ऐकून घेतल्याशिवाय मुक्या रुग्णापर्यंत पोहोचता येत नाही, हे हेरियट यांनी थर्स्कमध्ये रोज अनुभवले होते.