पत्र्याच्या डब्याचा कर्ता : ब्रायन डॉनकिन

ब्रायन डॉनकिन हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. त्याने घडवून बाजारात आणलेली वस्तू मात्र सर्वांच्या परिचयाची आहे : अन्न टिकवणारा पत्र्याचा हवाबंद डबा.

इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंड परगण्यात १७६८ साली त्याचा जन्म झाला. तारुण्यात तो एका सरदाराच्या जमीनजुमल्याचा कारभार पाहत असे. मानाची नोकरी! ती सोडून त्याने डार्टफर्ड येथे जॉन हॉल या यंत्रकाराकडे उमेदवारी पत्करली. हे वाचून मी थबकलो. माझे वडील तेलाचे रिकामे डबे कापून चाळण्या, नरसाळी झाळतात. माझ्या हाती हातोडी येऊ नये म्हणून त्यांनी मला कॉलेजात घातले. डॉनकिन नेमका उलट वाटेने गेला.

कागद करण्याच्या यंत्राची मूळ कल्पना फ्रान्सच्या रोबेरची, पैसा फोरड्रिनियर बंधूंचा. पण ते यंत्र नीट चालते केले डॉनकिनने. नाव मात्र फोरड्रिनियर यांचेच राहिले.

डब्याचेही तसेच. निकोला अपेर फ्रान्समध्ये अन्न बाटल्यांत भरून, घट्ट बुचे लावून उकळीत असे. १८१० साली पीटर ड्युरंडने इंग्लंडात पत्र्याच्या भांड्यांसाठी पेटंट घेतले, परंतु कारखाना काढला नाही. तो हक्क मिळवून डॉनकिनने हॉल व जॉन गॅम्बल यांच्या भागीदारीत लंडनच्या बर्मंडसी भागात काम सुरू केले. १८१३ साली माल बाहेर पडू लागला. लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा, म्हणजे आपली कल्हईच. पत्रा हाताने कापायचा, वळवायचा, सांधे झाळायचे, मांस भरून झाकण झाळायचे आणि डबा उकळायचा. पुढे भरलेले डबे महिनाभर उबेत ठेवीत, बिघडलेला बाद. अन्न का टिकते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पाश्चरचे संशोधन अजून सुमारे पन्नास वर्षे दूर होते. एक सांधा कच्चा राहिला तर भर समुद्रातल्या खलाशांच्या जिवाशी गाठ! पेटंटाच्या कागदापेक्षा हा महिनाभराचा धीर मला मोठा वाटतो.

ब्रिटिश नौदलाने हे डबे घेतले. १८२४ साली पॅरीच्या उत्तरेकडील मोहिमेबरोबर गेलेला वासराच्या मांसाचा एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी उघडला, तेव्हा आतले मांस चांगले निघाले.

डॉनकिनने मात्र काही वर्षांतच डब्यांचा धंदा सोडून यंत्रांकडे लक्ष वळवले. १८५१ पर्यंत त्याच्या कारखान्यातून दोनशेच्या आसपास कागदयंत्रे बाहेर पडली. १८५५ साली तो वारला. तोपर्यंत लोक त्याचे डबे छिन्नी-हातोडीनेच फोडत होते.