एक दिवसाचा राजा आणि तुळशीची रोपं

गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटातल्या बायका हळदीकुंकवासाठी जमल्या होत्या. वाण लुटणं बाजूलाच राहिलं, विषय निघाला तो रस्त्याचा. आमच्या गावातली जुनी गल्ली रुंद होणार, असं दोन वर्षांपासून कानावर येतंय. त्या आठवड्यात तर चौकात मोठं चित्रच लागलं होतं. गुळगुळीत रस्ता, काचेची दुकानं, ओळीनं उभ्या मोटारी. बघायला छान होतं. पण गटातल्या एका मावशींनी मला विचारलं, की बाई, ह्या चित्रात माझं शेवयांचं मशीन कुठे आहे? नळावरची रांग कुठे आहे? पापड वाळत टाकायची जागा कुठे आहे? मला काही उत्तर देता येईना.

घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. वस्ती सुधारते, जागेचे भाव वाढतात आणि ज्यांनी ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राखली त्यांनाच तिथे राहणं परवडेनासं होतं. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हा आपण हे पाहिलंच. सुधारणा नको असं कोण म्हणेल? पण सुधारणा म्हणजे आपण तिथून जायचं, असंच का असतं?

तेव्हा मला आठवण झाली पॅट्रिक गेडिस यांची. बी.ए.ला समाजशास्त्र होतं, तेव्हा आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्याबद्दल वाचलं होतं. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. त्यांनीच तरुण घुर्यांना हेरलं आणि पुढच्या अभ्यासाला इंग्लंडला पाठवायला मदत केली. परीक्षेपुरतं एवढंच पाठ केलं होतं. पुढे वाचनालयात त्यांच्याविषयी वाचायला मिळालं आणि मी थक्क झाले. हा माणूस नुसता प्राध्यापक नव्हता हो!

गेडिस यांचा जन्म १८५४ सालचा, स्कॉटलंडमधल्या बॅलॅटर गावचा. वडील फौजेतले. घराभोवती बाग, आणि वडिलांच्या हाताखाली बागेत राबत मुलगा वाढला. मोठेपणी ते शिकले वनस्पती आणि प्राण्यांचं शास्त्र. गंमत म्हणजे जन्मभर शिकवलं, पण स्वतः पदवी कधी घेतली नाही.

ऐन पंचविशीत, १८७९ साली, ते अभ्यासासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळे गेल्यासारखे झाले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हेच ज्याचं काम, त्याच्यावर ही वेळ! पण हा माणूस स्वस्थ बसला नाही. खिडकीच्या चौकटींवरून बोटं फिरवत त्यांनी विचारांची मांडणी करायला सुरुवात केली. एका चौकटीत जागा, दुसऱ्या चौकटीत काम, तिसरीत माणसं, अशी. पुढे दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाचं काम पूर्वीसारखं जमेना. मग किड्यामुंग्यांकडे आणि झाडांकडे बघणारा हा शास्त्रज्ञ शहरांकडे बघू लागला. झाडाला जशी माती, पाणी, ऊन लागतं, तसं माणसाला त्याचं घर, काम आणि शेजार लागतो, हे त्यांनी धरलं.

१८८६ साली त्यांचं लग्न झालं ॲना मॉर्टनशी. ती लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली, गरीब मुलींसाठी काम करणारी. आणि ह्या नवविवाहित जोडप्यानं बिऱ्हाड कुठे केलं असेल? एडिंबरा शहराच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत!

त्या शहराची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. किल्ल्याच्या उतारावरचं जुनं गाव दाटीवाटीचं. एकेकाळी तिथे न्यायाधीश, कारागीर, मोलकरीण एकाच जिन्यावर राहायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पलीकडे ऐसपैस नवं शहर वसलं आणि पैसेवाले तिकडे निघून गेले. मागे राहिले गरीब. गळकी छपरं, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, रोगराई. मग नगरपालिकेनं सुधारणा आणली ती पाडापाडीची. घरं पाडायची, रस्ते काढायचे. ती माणसं कुठे जायची? शेजारच्या दाटीत आणखी दाटी करायला.

गेडिस पतीपत्नी उलट वाटेनं गेले. भाषण देण्याऐवजी राहायलाच आले. शेजाऱ्यांना हाताशी धरून सफाई केली, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. अगदी मोडकळीला आलेलं तेवढंच पाडायचं आणि तिथे उजेड, हवा आणि मुलांना खेळायला अंगण मिळवायचं. बाकीचं दुरुस्त करायचं. दुखरा दात काढावा, जबडा नाही, अशी ती पद्धत. १८८७ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, तेही मुलांनी स्वतः चालवायचं. म्हणजे शिकलेली आणि बिनशिकलेली माणसं पुन्हा एका गल्लीत यावीत. ह्या दांपत्याची मुलगी नोरा मोठी झाल्यावर बागांच्या कामात पडली आणि जुन्या वस्तीतल्या पडक्या जागांवर तिनं मुलांसाठी बागा केल्या.

हे सगळं करताना ॲनाचं काय होत असेल, ते मात्र आपल्यालाच कळेल. नवरा एकापाठोपाठ एक इमारत घेतोय, डोक्यात दहा योजना, हिशेबाच्या नावानं आनंद! घर, तीन मुलं, पाहुणे, कर्ज हे सगळं तिनं सांभाळलं. शेवटी १८९६ साली मित्रमंडळींनी कंपनी काढून त्या मिळकतींचा भार उचलला. गेडिस यांचं नाव पुस्तकांत आलं, ॲनाचं मात्र ओघानंच येतं. मला तर वाटतं, ह्या कामाचा निम्मा खांब तीच होती.

१८९२ साली गेडिस यांनी किल्ल्याजवळ एक जुना मनोरा घेतला. माथ्यावर आरसा आणि भिंगाची अशी सोय, की अंधाऱ्या खोलीतल्या टेबलावर बाहेरचं जितंजागतं शहर उमटायचं. खालच्या मजल्यावर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, असं करत तळाला जग. आधी आपलं गाव नीट बघा आणि मगच ते बदला, असा त्यांचा आग्रह असे.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन, शेकडो नकाशे आणि चित्रं, मागून जहाजानं येत होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. आयुष्याची जमवाजमव समुद्राच्या तळाशी! दुसरा कुणी परत गेला असता. यांनी मित्रांना पत्रं लिहिली, नवी चित्रं जमवली आणि पुढच्याच वर्षी मद्रासला प्रदर्शन उभं केलं.

मग पुढची काही वर्षं ते गावोगाव पायी हिंडले. मद्रास आणि मुंबई इलाख्यातली गावं, लखनौ, लाहोर. आपल्याकडे प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट निघाला होता आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायची लाट सगळीकडे पसरली होती. गेडिस बोळाबोळांतून चालत, ओटे, विहिरी, पार बघत. वडाभोवतीचा पार हा रस्त्याचा अडथळा नसून म्हाताऱ्यांची आणि मुलांची बैठक आहे, हे त्यांना दिसलं. डासांच्या भीतीनं तळी बुजवण्यापेक्षा त्यांत मासे सोडा, असं त्यांनी सुचवलं. अंगणातलं तुळशीवृंदावन त्यांना नीटनेटक्या घराची खूण वाटलं. पाडापाडीपेक्षा दुरुस्तीला खर्च किती कमी येतो, तेही ते मांडून दाखवत.

१९१७ हे वर्ष मात्र काळासारखं आलं. थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. तेव्हा ॲना इथे हिंदुस्थानात आजारी पडली होती. बातमी सांगितली तर ती खचेल, म्हणून गेडिस यांनी ती मनातच ठेवली आणि मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. ती गेली, तेव्हा मुलगा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आणि त्यानंतर येते इंदूरची गोष्ट. होळकरांनी गेडिस यांना शहराची आखणी करायला बोलावलं होतं. शहरात प्लेगची भीती. हा दाढीवाला म्हातारा नकाशा हातात घेऊन बोळांतून फिरायचा, तेव्हा लोक त्याच्याकडे रागानं बघायचे. प्लेग आणणारा साहेब तो हाच, असं लोक समजत होते. त्यात त्यांची काय चूक? नकाशावाला आला, की मागून घर पाडणारे यायचे, हाच अनुभव.

गेडिस रागावले नाहीत. त्यांनी महाराजांकडे मागणं केलं, की मला एक दिवसापुरता राजा करा. मग दवंडी पिटवली. दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या भागातले लोक घरं आणि रस्ते सगळ्यांत चांगले झाडून-दुरुस्त करतील, तिथूनच ती जाईल. झालं! सारं शहर कामाला लागलं. कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या बाहेर पडल्या. आपल्या दारावरून लक्ष्मी जावी, असं कुणाला वाटणार नाही?

मिरवणूकही अशी, की डोळ्यांपुढे उभी राहते. पुढे हत्ती-घोडे, लक्ष्मी. मग राक्षस, रावण, पडक्या घरांचे देखावे, प्रचंड डास आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. त्यामागे कोण? तर शहराचे सफाई कामगार! स्वच्छ पांढरे कपडे, नवे फेटे, गळ्यात हार. ज्यांची सावलीही लोक टाळत, ते त्या दिवशी मिरवणुकीत मानानं चालले. मग आली एक नवी देवता, ती म्हणजे खुद्द इंदूर नगरी. तिच्याबरोबर उद्याच्या शहराचा नकाशा आणि गाड्यांवर उद्याच्या घरांच्या, वाचनालयाच्या, नाट्यगृहाच्या प्रतिकृती. शेवटच्या गाड्यांवरून वाटली तुळशीची रोपं, हजारो. रात्री रावणाबरोबर तो उंदीरही जाळला.

मैत्रिणींनो, जे अजून बांधलंच नाही ते शहर आधी लोकांना दाखवायचं, त्यांच्या सणात, त्यांच्या देवाधर्माच्या भाषेत. आज वास्तुविशारद काल्पनिक रचना म्हणून असं काम करतात, त्याची प्रदर्शनं भरतात. गेडिस यांनी ते गाड्यावर घालून दारोदार नेलं. आणि त्या चित्रात झाडूवाला होता, गवंडी होता, तुळस लावणारी बाई होती.

सगळं गोडगोडच सांगायचं नाही. त्यांचे अहवाल बहुतेक कपाटांतच राहिले. त्यांचं बोलणं दाढीतल्या दाढीत, पुष्कळांना कळायचं नाही, आणि हाती घेतलेली कामं अर्धवट सुटायची. एडिंबऱ्यात किल्ल्याशेजारी प्राध्यापकांसाठी त्यांनी बांधवून घेतलेली रॅम्से गार्डनची घरं आज अतिशय महाग आहेत, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. म्हणजे वस्ती सुंदर केली, की ती हातातून निसटते, हा पेच त्यांनाही पुरता सुटला नाही. नुसतं सुंदर चित्र काढून भागत नाही, राहणाऱ्याचा हक्कही कागदावर पक्का लागतो.

१९२४ साली तब्येतीमुळे त्यांनी मुंबई सोडली. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा केला, घरांच्या मध्ये बागा ठेवून. फ्रान्समध्ये माँपेलिएला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काढलं. १९३२ साली सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथेच ते वारले.

तर आमच्या गल्लीचं सांगते. पुढच्या शुक्रवारी आम्ही देवळासमोरचा चौक सारवला आणि रांगोळीनं गल्लीचा नकाशा काढला. आहे तशी गल्ली पांढऱ्या रंगात आणि हवी तशी हिरव्या रंगात. सांडपाण्याची झाकलेली गटारं, दोन दिवे, बायकांसाठी स्वच्छतागृह, पिंपळाचा पार तसाच, पापड वाळवायला मोकळी जागा. शेवयांच्या मशीनची जागा मावशींनी स्वतः काढली, जरा मोठीच! नववीतल्या एका मुलीनं तो नकाशा कागदावर उतरवून घेतला. विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, आणि त्या कुणीही साध्या कागदावर लिहून देऊ शकतं, हे आमच्यातल्या अनेकींना माहीतच नव्हतं. सत्तावीस जणींच्या सह्या घेऊन आम्ही तो कागद देऊन आलो आणि पोच घेतली.

निकाल अजून लागायचाय. काय होईल, सांगता येत नाही. पण चौकातलं ते चित्र आता आम्हाला पूर्वीसारखं गप्प करत नाही. आमच्याकडेही आमचं चित्र आहे. तुमच्या गावातही असा फलक लागला असेल, तर आधी शेजारणींना बोलवा, आणि त्यात आपण कुठे आहोत ते शोधा. नसलो, तर रांगोळी घरात असतेच.