डॉक्टरनेच अंगावर काढलेली मूळव्याध

आफ्रिकेचा नकाशा बदलणारे स्कॉटिश संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन स्वतः डॉक्टर होते. १८४० मध्ये ग्लासगोहून त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला. तरीही रक्ती मूळव्याध त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर काढली. १८६४ मध्ये मुंबईमार्गे ते मायदेशी गेले, तेव्हा एडिंबरोच्या प्रा. साइम यांनी शस्त्रक्रिया सुचवली. त्यांनी नकार दिला. अशा दुखण्याची वर्तमानपत्रांतून चर्चा होईल हा संकोच आड आला, असे चरित्रकार सांगतात. हा संकोच आजही अनेकांच्या ओळखीचा आहे!

मूळव्याधीचे रक्त बहुधा लालभडक असते. ते शौचाच्या वेळी थेंबथेंब पडते आणि सहसा दुखत नाही. शौचाला कापल्यासारखे दुखत असेल, तर बहुधा फिशर असते. रक्त प्रथमच दिसले, तरी एकदा तपासून घ्यावे. ते शौचात मिसळलेले असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल, वजन घटत असेल किंवा पोटाची सवय बदलली असेल, तर मूळव्याध समजून घरगुती औषधांवर थांबू नये. आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो. रक्त थांबत नसेल, चक्कर किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाले. पुढच्याच वर्षी औषधांची पेटी चोरीला गेली. रक्त गेल्याने ताप दूर राहतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. प्रत्यक्षात ते पांढरेफटक पडत गेले. आमांश आणि हिवतापही होतेच, त्यामुळे सगळा दोष मूळव्याधीवर टाकता येत नाही. एप्रिल १८७३ मध्ये गाढवावर बसणेही अशक्य झाले, तेव्हा सोबत्यांनी त्यांना डोलीतून वाहून नेले.

भामरागडच्या आडवाटेच्या गावांना असा प्रवास परका नाही. तिथे रुग्णाला खाटेवरून आणावे लागते, आणि पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचे ठिकाणही तुटते. अशा ठिकाणी रक्त जात असेल, तर पावसाळ्यापूर्वीच भामरागडचे ग्रामीण रुग्णालय किंवा हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना गाठलेला बरा.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेल्या जेकब वेनराइट या आफ्रिकन तरुणाने तिथे प्रार्थना म्हटली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. सोबत्यांनी मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झालेल्या दफनविधीला जेकबही हजर होता.