पवनचक्कीवाले गुरुजी : पॉल ला कूर

समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचे फोटो मुलं हौसेनं बघतात. त्यांची मुळं एका शाळेत आहेत, हे मात्र आपण सांगत नाही.

पॉल ला कूर यांचा जन्म १८४६ साली डेन्मार्कमध्ये झाला. आधी ते हवामानशास्त्रज्ञ होते. १८७८ मध्ये आस्कोव या खेड्यातल्या लोकशाळेत शिक्षक झाले. खेड्यातही वीज यावी, हा त्यांचा ध्यास. १८९१ मध्ये त्यांनी शाळेजवळ वीज देणारी पवनचक्की उभारली. पण वारा पडला तर? म्हणून त्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन तयार करून साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. त्यात थोडा जरी ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट व्हायचा. शाळेच्या काचा कितीदा तरी फुटल्या. (आपल्याकडे लगेच पालकसभा बसली असती!) प्रयोगांतून त्यांना कळलं, की थोडीच पण वेगाने फिरणारी पाती जास्त वीज देतात.

१९०८ मध्ये गुरुजी गेले. त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरच्या किनाऱ्यावर तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की चालू केली. वादळात चक्की बेफाम फिरली तर मोडते. म्हणून वेग वाढताच पात्यांची टोकं आपोआप वळून ब्रेक लागेल, अशी सोय यूल यांनी केली. ती चक्की ११ वर्षं चालली.

पुढे १९९१ मध्ये डेन्मार्कमध्येच, विंडेबीजवळ समुद्रात ११ चक्क्या उभ्या राहिल्या. जगातला तो पहिलाच असा प्रकल्प. आताच्या समुद्री चक्क्यांत नुसतं टोक नाही, अख्खं पातंच वळतं. वादळात तिथे माणूस पोचू शकत नाही, ब्रेक आपला आपणच लागावा लागतो.