हरवलेल्यांचा सोबती

दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत यहुदी लोकांचा एक लहानसा देश होता. डोंगराळ जमीन, ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे, मेंढरांचे कळप आणि मधूनच पसरलेले ओसाड वाळवंट, असे त्या देशाचे रूप होते. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी याने तो जिंकला आणि तेव्हापासून तेथील जनता परक्या सत्तेच्या टाचेखाली भरडली जाऊ लागली. शेतकऱ्याच्या धान्यावर कर, कोळ्याच्या मासळीवर कर, बाजारात जाणाऱ्या मालावर जकात. राजाचे घ्यावे, देवळाचे द्यावे आणि उरेल त्यात पोट भरावे, अशी गरिबांची स्थिती होती. कोणीतरी थोर पुरुष येईल आणि आपल्याला या दुःखातून सोडवील, या एका आशेवर ते लोक दिवस काढीत होते. अशा काळात आणि अशा देशात येशूचा जन्म झाला.

ज्या कालगणनेने आज आपण सन मोजतो, ती येशूच्या जन्मापासून धरलेली आहे. परंतु ती सुमारे पाचशे वर्षांनंतर ठरविली गेली आणि त्या हिशेबात थोडी चूक राहिली. हेरोद राजाच्या कारकिर्दीत येशू जन्मला आणि हेरोद तर इ.स.पू. ४ मध्ये मरण पावला. म्हणून येशूचा जन्म त्याच सुमारास किंवा त्याआधी थोड्याच वर्षांत झाला असावा, असे विद्वान मानतात. त्याच्या आईचे नाव मरिया आणि मरियेच्या पतीचे नाव योसेफ. शिरगणतीसाठी ही दोघे बेथलेहेम गावी गेली असता तेथे त्यांना उतरावयास जागा मिळाली नाही. तेव्हा मरियेने आपल्या नवजात बालकाला कपड्यात गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत निजविले, अशी कथा शुभवर्तमानात सांगितली आहे. त्याला पाहावयास प्रथम आले ते रानात राहून रात्री कळप राखणारे गरीब मेंढपाळ.

येशूचे बालपण उत्तरेकडील गालील प्रांतात, नासरेथ नावाच्या खेड्यात गेले. योसेफ सुतार होता. येशूही तेच काम शिकला. लाकूड तासावे, जोडावे, घाम गाळून भाकरी मिळवावी, असा त्याचा दिनक्रम कित्येक वर्षे चालला. गावच्या प्रार्थनामंदिरात यहुदी धर्मग्रंथांचे पठण होई. ते ऐकत तो मोठा झाला. त्याच्या शिकवणुकीचे मूळ त्याच ग्रंथांत होते. गावातले साधे जीवनही तो डोळसपणे पाहत होता. बी पेरणारा शेतकरी, पीठ मळणारी गृहिणी, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, जाळे ओढणारा कोळी, ही सारी माणसे पुढे त्याच्या दृष्टांतांत आली. म्हणूनच अक्षरशत्रू माणसालाही त्याचे बोलणे सहज समजे.

येशू सुमारे तीस वर्षांचा झाला, तेव्हा यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा एक विरक्त पुरुष लोकांना पापाचा पश्चात्ताप करावयास सांगत होता आणि त्यांना नदीत बाप्तिस्मा देत होता. येशू तेथे गेला आणि इतर लोकांबरोबर त्यानेही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तो एकटाच वाळवंटात निघून गेला. तेथे चाळीस दिवस त्याने उपवास केला. त्या एकांतात त्याच्या मनाला तीन मोह पडले, अशी कथा आहे. दगडांच्या भाकरी करून भूक भागवावी, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांना थक्क करावे, सैतानापुढे वाकून जगाचे राज्य मिळवावे, असे ते मोह होते. येशूने तिन्ही वाटा नाकारल्या. लोकांना दिपवून किंवा धाक घालून आपलेसे करणे त्याला नको होते.

वाळवंटातून परत आल्यावर त्याने गालीलच्या सरोवराकाठी आपले कार्य सुरू केले. हे सरोवर गोड्या पाण्याचे असून त्याच्या तीरावर त्या वेळी कोळ्यांची अनेक गावे होती. शिमोन पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया, तसेच याकोब आणि योहान हे दोघे भाऊ, हे त्याचे पहिले शिष्य. चौघेही मासे धरणारे. पुढे शिष्यांची संख्या बारा झाली. त्यांत मत्तय नावाचा एक जकातदारही होता. रोमन सत्तेसाठी कर वसूल करणाऱ्या आणि त्यात स्वतःचे खिसे भरणाऱ्या या जकातदारांचा लोक मनापासून तिरस्कार करीत. अशा माणसाच्या पंक्तीला येशू जेवावयास बसला, तेव्हा धर्माचे कडक नियम पाळणाऱ्या कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. येशूने त्यांना सांगितले की, वैद्याची गरज निरोगी माणसाला नसते, ती रोग्याला असते.

त्या काळी महारोग झालेल्याला गावात थारा नसे. त्याने वस्तीबाहेर राहावे, फाटकी वस्त्रे घालावी आणि कोणी समोरून येत असेल, तर आपण अशुद्ध आहोत असे मोठ्याने ओरडून सांगावे, असा नियम होता. त्याला कोणी शिवत नसे. असाच एक रोगी एकदा येशूपुढे येऊन गुडघे टेकून बसला. येशूला त्याचा कळवळा आला. त्याने हात पुढे केला आणि त्या माणसाला स्पर्श केला. तो रोगी बरा झाला, असे शुभवर्तमान सांगते. पण बरा होण्याच्याही आधी त्याला जे मिळाले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. कित्येक वर्षांत ज्याच्या अंगाला प्रेमाचा हात लागला नव्हता, त्याला कोणीतरी माणूस म्हणून जवळ केले होते.

यरीहो नगरातील जक्कयाची गोष्टही अशीच आहे. जक्कय हा मुख्य जकातदार. धनाने मोठा आणि अंगाने ठेंगू. येशू नगरातून चालला असता गर्दीमुळे जक्कयाला काही दिसेना, म्हणून तो रस्त्याकडेच्या उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने त्या झाडाखाली थांबून वर पाहिले आणि त्याला नावाने हाक मारून, आज आपण तुझ्याच घरी उतरणार आहोत, असे सांगितले. लोक कुजबुजू लागले. या लबाडाच्या घरी हा पाहुणा म्हणून जातोच कसा, असे त्यांना वाटले. येशूने जक्कयाला एकही कठोर शब्द ऐकविला नाही. तरी त्याच दिवशी जक्कयाने उभे राहून आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले होते त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. निंदेने जे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते एका प्रेमाच्या भेटीने झाले.

येशूने सांगितलेल्या दृष्टांतांतही हाच विचार आहे. एका मेंढपाळाची शंभर मेंढरे होती. त्यांतले एक हरवले. नव्याण्णव सुखरूप असताना एकासाठी कोण धडपडतो, असा हिशेब त्याने केला नाही. रानावनातून तो हिंडला आणि ते मेंढरू सापडताच त्याला खांद्यावर घेऊन आनंदाने घरी आला. दुसऱ्या एका दृष्टांतात यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर चोरांनी एका प्रवाशाला लुटून, मारून अर्धमेला टाकले आहे. ही वाट ओसाड डोंगरांतून सुमारे हजार मीटर खाली उतरते. त्या काळी तेथे लुटारूंचे भय असे. एक याजक आला आणि बाजूने निघून गेला. मंदिराचा एक सेवक आला, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यानपिढ्यांचे वैर. पण त्यानेच त्या जखमीच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले आणि त्याच्या शुश्रूषेचा खर्चही दिला. आपला शेजारी कोण, या प्रश्नाचे येशूने दिलेले हे उत्तर होते.

लहान मुलांवर येशूचे विशेष प्रेम होते. एकदा आया आपली मुले त्याच्याकडे घेऊन आल्या, तेव्हा शिष्य त्यांना दटावू लागले. त्यावर येशू शिष्यांवरच रागावला. त्याने मुलांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला आणि देवाचे राज्य अशा निर्मळ मनाच्यांचेच आहे, हे शिष्यांना समजावले.

जेमतेम तीन वर्षे येशूचे हे कार्य चालले. जसजसे लोक त्याच्याभोवती जमू लागले, तसतसे सत्ताधारी अस्वस्थ होऊ लागले. वल्हांडण सणासाठी तो यरुशलेमला आला, तेव्हा मंदिराच्या आवारात चाललेला सराफांचा आणि व्यापाऱ्यांचा बाजार त्याने उधळून लावला. पुढे काय होणार, हे तो ओळखून होता. शेवटच्या रात्री जेवणाच्या वेळी त्याने कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतले आणि आपल्या शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. ते काम घरातल्या दासाचे असे. जो मोठा होऊ इच्छितो त्याने सर्वांचा सेवक व्हावे, हा धडा त्याने असा कृतीने घालून दिला.

त्यानंतर गेथशेमाने नावाच्या बागेत त्याने रात्र जागून प्रार्थना केली. मरणाचे भय त्यालाही वाटले. हा दुःखाचा प्याला टळला तर बरे, असे त्याने देवाला विनविले. पण अखेरीस देवाची इच्छा तीच आपली इच्छा, असे म्हणून तो उठला. एवढ्यात यहूदा नावाचा त्याचाच शिष्य शिपायांना घेऊन आला आणि येशू पकडला गेला. बाकीचे शिष्य पळून गेले. पेत्र लांबून मागोमाग गेला खरा, परंतु लोकांनी विचारताच, आपण त्या माणसाला ओळखत नाही, असे त्याने एकदा नव्हे, तीनदा सांगितले. इतक्यात कोंबडा आरवला. आपण काय केले हे पेत्राच्या ध्यानी आले आणि बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला.

पंत पिलात नावाचा रोमन अधिकारी इ.स. २६ ते ३६ या काळात त्या प्रांताचा सुभेदार होता. त्याने येशूला क्रुसावर खिळण्याची शिक्षा दिली. बंडखोरांना आणि दासांना रोमन लोक अशी भयंकर शिक्षा देत. इ.स. ३० च्या सुमारास यरुशलेमबाहेर गुलगुथा नावाच्या ठिकाणी ती अमलात आली. वेदनांनी तळमळत असताही, आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा करावी, अशी येशूने देवाला प्रार्थना केली. शेजारच्या क्रुसावरील एका गुन्हेगाराने अखेरच्या घटकेला पश्चात्ताप केला, तेव्हा त्यालाही त्याने दिलासा दिला. मरणाच्या दारातही तो हरवलेल्यालाच शोधत होता.

येथे सारे संपले, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. परंतु तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. शुभवर्तमानानुसार पहाटे थडग्यापाशी गेलेल्या मरिया मग्दालिया इत्यादी स्त्रियांना ही वार्ता प्रथम कळली. नंतर एका सकाळी सरोवराच्या काठी येशूने पेत्राला गाठले. त्याने पेत्राला दोष दिला नाही. आपल्यावर प्रेम आहे का, एवढेच त्याने तीनदा विचारले आणि तीनदा आपली मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपविले. ज्याने तीनदा नाकारले होते, त्याला तीनदा विश्वासाची संधी मिळाली. एका रात्री भिऊन पळालेला हा कोळी पुढे भर चौकात निर्भयपणे उभा राहून येशूचा संदेश सांगू लागला.

येशूने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. तरी त्याचे चरित्र देशोदेशींच्या भाषांत पोहोचले. मराठीत ते फार पूर्वीच आले. गोव्यात राहिलेले इंग्लंडचे फादर स्टीफन्स यांनी ते सुमारे अकरा हजार ओव्यांत गायिले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तायन रचावयास घेतले आणि १९१९ साली त्यांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. येशूच्या चरित्राने अनेकांना सेवेची वाटही दाखविली. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ साली हवाईतील मोलोकाई बेटावर गेले. सक्तीने तेथे पाठविलेल्या महारोग्यांच्या जखमा त्यांनी स्वतः धुतल्या, त्यांच्यासाठी घरे बांधली आणि अखेर त्याच रोगाने १८८९ साली तेथेच देह ठेवला.

आपल्या हातून चूक झाली, की आता आपले काही खरे नाही, असे मनाला वाटू लागते. दुसऱ्याच्या हातून चूक झाली, की त्याला आपण सहज टाकून देतो. महारोगी, जक्कय आणि पेत्र यांना येशूने टाकले नाही. म्हणून ते पुन्हा उभे राहू शकले. वर्गात, गावात किंवा घरात एखादा मागे पडलेला, सर्वांनी दूर लोटलेला दिसला, तर त्याला नावाने हाक मारून जवळ बोलवावे. येशूने यरीहोच्या त्या उंबराखाली एवढेच केले होते.