आनंदीबाईंच्या विद्येचा खर्च

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे, हे आपल्या सभासदांस ठाऊकच आहे. त्यांच्या धैर्याची कथाही सर्वश्रुत आहे. परंतु त्या विद्येचा खर्च कोणी व कोणत्या अटीवर उचलला, याचा विचार फारसा होत नाही. म्हणून तेवढाच भाग येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय दृढ झाला. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास साह्यार्थ पत्र लिहिले. उत्तरात धर्मांतराची अट आली. ती उभयतांनी मानिली नाही. तो पत्रव्यवहार छापला गेला व न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्या बाईंनी कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तेथे श्रीरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी भरसभेत आपला हेतू मांडला, तेव्हा देणग्या येऊ लागल्या. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी २०० रुपये दिले. तरी अंगावरचे दागिने विकावे लागलेच! फिलाडेल्फियास स्त्रियांसाठीच काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस शिष्यवृत्ती मिळाली. मार्च १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला. ज्या विषयात आपली माणसे सुइणीच्या पलीकडे पाहत नसत, तो त्यांनी संशोधनास घेतला. स्त्रीच्या हाती साधन आल्यावर प्रश्नही निराळे विचारले जातात, असे आम्हांस वाटते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक मात्र फळास आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

सेहेचाळीस वर्षांनी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढील डॉ. कमला सोहोनी, यांस बंगळूरच्या विज्ञान संस्थेने प्रथम नाकारले, मग एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर घेतले. अट बदलली होती, एवढेच.

आम्ही काही वर्षे एका शिष्यवृत्ती-समितीवर होतो. संशोधनासाठी साह्य मागणाऱ्या एका गुणी मुलीस, लग्न केव्हा करणार, असे आम्ही विचारले. तिच्या आधी आलेल्या दोन मुलांस तो प्रश्न विचारला नव्हता. मुलगी काही बोलली नाही. तिने टेबलावरील आपली प्रमाणपत्रे गोळा केली व अर्जही परत मागून घेतला.